आमचं विमान पाऊस पळवत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या लातूर आवृत्तीत गेल्या आठवड्यात एक बातमी आली. ढग दाटले की एक पांढरं छोटं विमान येतं, शिवारावर घिरट्या घालतं आणि बघता बघता आभाळ फाकतं, असं काही गावांतल्या शेतकऱ्यांचं म्हणणं त्यात दिलं होतं. विमान कुणाचं याचा 'शोध सुरू आहे', असं शेवटच्या ओळीत होतं. शोध थांबवायला हरकत नाही. विमान माझं आहे. नीट सांगायचं तर निम्मं माझं आणि निम्मं सोलापूरच्या एका डॉक्टर मित्राचं. त्याच्या अंगावर 'व्हीटी'पासून सुरू होणारी अक्षरं ठळक रंगवलेली आहेत, तुमच्या फोटोतही ती वाचता येतात. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदीत ती अक्षरं शोधली असती तर मालक सापडला असता.

माझी डाळमिल आहे. तूर पिकली तर मिल चालते, आणि तूर पावसावर पिकते. पाऊस पळवून मी आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेईन, एवढा विचार बातमी लिहिताना व्हायला हवा होता. असो. माझ्या हेतूवर विश्वास ठेवू नका, पण यंत्राची कुवत तरी बघा.

विमान सेस्ना १७२ आहे, १९८१ सालचं. एका फ्लाइंग क्लबकडून आम्ही ते जुनं विकत घेतलं. पुढे चार सिलिंडरचं, हवेनेच थंड होणारं पिस्टन इंजिन आहे, ताकद १६० अश्वशक्ती. आमच्या मिलवर माल घेऊन येणाऱ्या कित्येक ट्रकांची इंजिनं याहून दणकट असतात. माणसं, इंधन, सामान सगळं धरून जास्तीत जास्त १,०८८ किलो वजनाने ते उडू शकतं. आता ढगाकडे या. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा साधा कापशी ढग घेतला तरी त्यात ५०० टनांच्या आसपास पाणी असतं. परतीच्या पावसातला गडगडाटी ढग तर पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. आमचं विमान नवं होतं तेव्हासुद्धा कंपनीच्या पुस्तकात त्याची कमाल उंची १३,००० फूट, म्हणजे चार किलोमीटरच्या आतच दिलेली आहे. अशा ढगात उठणारा वारा त्याला पाचोळ्यासारखा उडवून देईल. नजरेने बाहेर बघून उडणाऱ्यांसाठी, ज्याला व्हीएफआर म्हणतात, नियमच असा आहे की समोरचं निदान पाच किलोमीटर स्वच्छ दिसलं पाहिजे आणि ढगापासून आडवं १,५०० मीटर, उभं ३०० मीटर लांब राहिलं पाहिजे. जमिनीच्या अगदी जवळ उडताना थोडी सवलत आहे, पण ढगात शिरायची मुभा तिथेही नाही. काळं आभाळ दिसलं की आम्ही घराकडे वळतो.

बातमी आली त्याच आठवड्यात त्या भागातल्या एका फाट्यावर मी चहाला थांबलो होतो. हॉटेलात एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं, हेच ते विमानवाले. बाबा चिडले नाहीत. बशीतला चहा फुंकत शांतपणे म्हणाले, "मालक, तुमचं इमान फिरायलं की आभाळ फाकायलंय बघा. मी काय येड्यावानी बोलायलो का? डोळ्यानं बघायलोय."

मी म्हणालो, "मामा, तुमचं बघणं खरं आहे. पण विमान आधी आलं का आभाळ आधी फाकलं?"

बाबा विचारात पडले. "ते काय ध्यानात न्हाई," म्हणाले.

सगळा घोळ इथेच आहे. पावसाळ्यात मी सकाळपासून हँगरच्या दारात खुर्ची टाकून आभाळ बघत असतो. ढगांचा पाया वर सरकला, मधून निळं दिसायला लागलं, वारा बसला, तरच विमान बाहेर ढकलतो. उघडीप झालेली असते म्हणून विमान आलेलं असतं. शेतात काम करणारा माणूस मान वर कधी करतो? आवाज आला की करतो. तोवर ढग निघून गेलेले असतात, आणि वर बघावं तर एकटं विमान फिरतंय. मग आळ त्याच्यावर यायचाच.

उघडीप मिळाल्याबरोबर उडायची एवढी घाई कशासाठी, हेही सांगतो, कारण हौसेखेरीज त्याला एक कारण आहे आणि ते लोखंडाचं आहे. या लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या अंगाला बसवलेला असतो, पंखा फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या पडलेल्या त्या पोलादावर गंज धरतो. पुढे इंजिन चालू केलं की तो गंजच त्या दांड्यावरचे उंचवटे (कॅम) आणि त्यांना टेकलेले टॅपेट खरवडत राहतो. नुसतं जमिनीवर चालू करून दहा मिनिटं घुरघुरवलं तर उलट जास्त वाईट, कारण तेल पुरतं तापत नाही आणि जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. तेल ८० अंश सेल्सिअसच्या वर काही वेळ राहिलं तर ते पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि तेवढं तापायला विमान हवेतच न्यावं लागतं. कंपनीने या इंजिनाला पूर्ण उघडून बांधणी करण्यासाठी २,००० तासांची किंवा १२ वर्षांची मुदत सांगितली आहे, जे आधी येईल ते. हौशी मालकांचे तास कधी भरत नाहीत, गंजच आधी येतो. त्या बांधणीच्या खर्चात एक बऱ्यापैकी ट्रॅक्टर येईल, जास्तच. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांतून उघडीप गाठून विमान वर न्यायचं आणि आणायचं. गावकरी त्याला घिरट्या म्हणतात.

त्या घिरट्यांनाही ठरलेला आकार असतो. धावपट्टीच्या कडेने आयताकृती फेरा, जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर, बहुतेक वेळा डावीकडे वळत. उतरायचं, चाकं टेकवायची, पुन्हा वर जायचं. त्यामुळे ठरावीक शेतांवरूनच विमान दर पाच-सहा मिनिटांनी जातं. ज्यांची शेतं त्या आयताखाली येतात त्यांना आम्ही मुद्दाम त्यांच्याच डोक्यावर येतो असं वाटणं साहजिक आहे. आवाजाचा त्रास होतो, हे मला मान्य आहे. त्याबद्दल कुणी तक्रार केली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं, जाऊन बोललो असतो.

बातमीत आणखी एक वाक्य होतं, 'ठरावीक जागी विमानाचा आवाज बदलतो, तेव्हा औषध सोडलं जात असावं.' ज्यांनी हे टिपलं त्यांच्या कानाला दाद द्यायला हवी, आवाज खरंच बदलतो. तिथे आम्ही उतरण्यासाठी इंजिन मंद करतो आणि त्याआधी कार्ब्युरेटर हीटची, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तो भाग गरम करण्याची कळ ओढतो. लातुरात बर्फ कुठून येणार, असं कुणीही म्हणेल. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्हींमुळे आतली हवा वीस-पंचवीस अंशांनी थंड पडते. बाहेर २४ अंश आणि हवा ओलीचिंब असली की त्या गळ्यात खरोखरचं बर्फ धरतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. मे महिन्याच्या ४२ अंशांत ही भीती नसते, ऑगस्टमध्ये असते. कळ ओढली की एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत येते, इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात, आवाज बसतो. हेच ते 'औषध'.

आता निळ्या पाण्याच्या व्हिडिओबद्दल. कुंपणाबाहेरून मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ आपल्याही वार्ताहरांनी पाहिला असेल. मी पंखाखाली वाकून एका पारदर्शक पेल्यात निळा द्रव काढतो, उजेडात धरतो, हुंगतो. खाली लिहिलंय, 'हे बघा ढगावर मारायचं केमिकल.' तो द्रव म्हणजे विमानाचं पेट्रोल. त्याला एव्हगॅस म्हणतात, १०० ऑक्टेनचं, आणि ओळखू यावं म्हणून त्यात मुद्दाम निळा रंग घातलेला असतो. प्रत्येक उड्डाणाआधी टाक्यांच्या तळातून आणि इंजिनाजवळच्या गाळणीतून थोडं थोडं काढून बघावंच लागतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी झिरपतं, रात्रीच्या गारव्याने अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी गोळा होतं आणि पेल्यात बुडाला मण्यासारखं वेगळं दिसतं. सगळा पेला पाण्यानेच भरला असेल तर मात्र मधली रेघ दिसत नाही, आणि निळ्या आभाळापुढे धरला तर पाणीही निळंच भासतं. म्हणून पांढऱ्या कागदापुढे धरायचं आणि वास घ्यायचा. रंग बघण्याचं दुसरं कारण याहून गंभीर आहे. मोठ्या विमानांचं इंधन, एटीएफ, हे जवळपास रॉकेल असतं, बिनरंगी किंवा फिकट पिवळसर. चुकून ते पिस्टन इंजिनाच्या टाकीत गेलं तर इंजिन आधी सुरू होतं, विमान उठतंही, आणि मग हवेत इंजिन स्वतःलाच खाऊन टाकतं. माणूस पेला हुंगताना दिसला म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

याच व्हिडिओखाली एकाने विचारलं होतं की एवढे श्रीमंत असून पंपावरचं पेट्रोल का घालत नाही. श्रीमंतीचं सोडा, प्रश्न चांगला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडच्या ऊस उत्पादकांना त्याचा फायदा होतो, माझा त्याला विरोध नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि १९८१ सालच्या विमानातले रबरी सील, नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. आमच्या इंजिनाला एव्हगॅसच लागतं. हे पूर्वी सगळं परदेशातून यायचं. २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं देशी एव्हगॅस बाजारात आणलं, तेव्हा आम्हा लोकांना दिवाळी लवकर आल्यासारखं झालं होतं. तरी ते आमच्यापर्यंत बॅरलनेच येतं आणि मोटारीच्या पेट्रोलहून पुष्कळ महाग पडतं. तासाला तीस लिटरच्या पुढे जातं. विनाकारण घिरट्या घालायला ते कुणालाच परवडणार नाही.

मराठवाड्यात ढगांसाठी विमानं कधी आलीच नाहीत असं मात्र नाही. २०१५ आणि २०१९ साली, तेव्हाच्या औरंगाबादच्या विमानतळावरून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. तशा विमानांच्या पंखांना मिठासारख्या क्षारांच्या किंवा सिल्व्हर आयोडाइडच्या नळकांड्या लावलेल्या असतात, त्या जाळून धूर ढगात सोडतात. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या केंद्र सरकारच्या संस्थेने सोलापूरला असाच प्रयोग शास्त्रीय पद्धतीने केला आणि पेरणी केलेल्या ढगांच्या आसपास सुमारे १८ टक्के जादा पाऊस मोजला. तोही कधी? पावसाळू ढग आधीच हजर असतील तेव्हा. कोऱ्या आभाळातून त्यांनाही काही काढता आलं नाही. हे सगळं पाऊस वाढवण्यासाठी होतं. आणि उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणारी विमानं तिसरीच. ती मुंबई-हैदराबादसारख्या मार्गांवरची प्रवासी विमानं असतात, तीस-पस्तीस हजार फुटांवर. रेघ म्हणजे त्यांच्या धुरातल्या बाष्पाचे गोठलेले कण. तिन्हींची एकच विमानं करून बातमी रचली गेली.

पाऊस दडी मारतो तेव्हा शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो, ते मी बाजारात रोज बघतो. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा खंडात पावसाचा आस, म्हणजे मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो आणि मधला सगळा पट्टा कोरडा पडतो. साऱ्या देशाचे ढग काय १६० अश्वशक्तीने हाकलले? आणि एरवीही आपण सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत. ढगांची निम्मी-अधिक झोळी घाटावरच रिकामी होते, मराठवाड्याच्या वाट्याला पावसाळ्यात सरासरी ६७९ मिलिमीटर उरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात धनेगावच्या मांजरा धरणावरून मी गेलो आहे. वरून पाण्याची चकाकी शोधत होतो. दिसला तो भेगाळलेला गाळ आणि त्यात बुडालेल्या जुन्या बांधांच्या रेषा. त्या तळाशी एकेकाळी कुणाची तरी शेतं होती, ते तेव्हा कळलं. उलट २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सीना फुगल्या, हजारो एकर सोयाबीन पाण्यात गेलं. तेव्हा आमचं विमान हँगरमध्ये चाकाखाली लाकडी ठोकळे लावून उभं होतं. 'विमान उडत नाही म्हणून पूर आला' असं मात्र कुणी लिहिलं नाही.

मला हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका गावात ग्रामसभेत ठराव करून विमानतळावर मोर्चा न्यायची भाषा झाली आहे, आणि परवा धावपट्टीच्या टोकाला काही पोरं गोफण घेऊन उभी होती असं सुरक्षारक्षकाने सांगितलं. उतरताना आमचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगात समोरच्या काचेवर किंवा पंख्याच्या पात्यावर दगड बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. विमान कुठे कोसळेल? त्याच शिवारात.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आपल्या वार्ताहरांनी हँगरवर यावं आणि सोबत बातमीत नावं आलेल्या गावांतल्या दोन-चार शेतकऱ्यांना घेऊन यावं. म्हातारबाबांना मी स्वतः गाडी पाठवतो. सध्या विमान दर शंभर तास उडाल्यावर करायच्या तपासणीसाठी उघडलेलं आहे, त्यामुळे झाकलेलं काही नाही. इंजिनावरची कवचं काढून ठेवली आहेत. आठही स्पार्क प्लग ट्रेमध्ये ओळीने लावले आहेत, त्यांच्या टोकांवर एव्हगॅसमधल्या शिशाचे बारीक खडे जमलेत ते दिसतील. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून ठेवणार आहोत. त्यात लोखंडाची चमक दिसते का हे परवानाधारक इंजिनिअर चुंबक फिरवून बघतील. ते हैदराबादहून येतात, गुरुवारपासून असतील. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून ती किती टिकते हेही मोजायचं आहे, ते कुणीही बाजूला उभं राहून बघावं. पंखाखालची, इंधनाच्या टाकीत हवा येण्याची नळी जरूर बघा. कुंभारमाशीने गेल्या महिन्यात तिच्यात चिखल भरायला सुरुवात केली होती. ती नळी बुजली तर टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत उतरत नाही, त्यामुळे ढगांपेक्षा या माशीशीच आमचं खरं वैर आहे. पंखांवर नळकांड्या बसवायच्या पट्ट्या, टाक्या, फवारे, काय शोधायचं ते शोधा. सीटा काढून दाखवू.

सकाळी यावं, अकरानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. गेटवर ओळखपत्र लागेल. बातमीसोबतचा फोटो वरून घेतलेला दिसतो, म्हणजे ड्रोन वापरला असावा. विमानतळाच्या परिसरात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि आम्हाला हवेत तो जवळ येईपर्यंत दिसतही नाही. कॅमेरा हातात धरून या.

कळावे,
आपला,
एक वाचक आणि निम्म्या विमानाचा मालक, लातूर
(नाव, पत्ता व फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. पत्रासोबत नाव छापू नये. वार्ताहरांना आणि शेतकऱ्यांना मात्र अवश्य द्यावं.)